दरमहा एक प्रवेश

माणूस साधारण दीड वर्षाचा असताना बोलायला शिकतो, आणि तेही फुकट. जे फुकट मिळतं त्याची किंमत राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी संवादशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे.

धाकटीने ती पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली. त्यासाठी बँकेचं कर्ज काढलं. फेड दहा वर्षांत, दरमहा एक हप्ता, आणि तारण म्हणून आईचं शिवणकामाचं दुकान. (दुकानात दोन शिलाई मशिनं, एक आरसा आणि मापं देताना पोट आत ओढणारी गिऱ्हाइकं. यातली शेवटची बाब बँकेने हिशेबात धरली नाही.)

पदवीचं मोल पैशात करू नये, असं विद्यापीठाचं ठाम मत आहे. फी पैशात घेतात, कारण दुसरी सोय अजून झालेली नाही. तरीही माहितीपत्रकात आकडा दिलेला असतो: शंभर टक्के पदवीधर नोकरीला. हे अक्षरशः खरं आहे. सगळे पदवीधर विभागाच्याच संपर्क कक्षात बसतात आणि अनोळखी लोकांना फोन करून संवादशास्त्राला प्रवेश घ्यायला राजी करतात. पगार नसतो. एका प्रवेशामागे मोबदला मिळतो, तो बरोबर एका हप्त्याएवढा. कर्ज आणि कमाई यांचा इतका काटेकोर तोल दुसऱ्या कोणत्याही शाखेला साधलेला नाही. (जेवणखाण कोणत्याच बाजूला धरलेलं नाही.)

धाकटीची थोरली बहीण शाळेत गणित शिकवते. तिने भाजी निवडता निवडता हिशेब मांडला.

"दहा वर्षांत तुला एकशेवीस माणसं लागणार. त्यांतल्या प्रत्येकाला आणखी एकशेवीस. पाचव्या फेरीत पृथ्वीवरची माणसं संपतात गं."

"ताई, तुझं ना कायम असंच. कधी चांगलं बोलू नकोस."

धाकटीने ही शंका विभागप्रमुखांच्या कानावर घातली. त्यांनी ती 'विस्ताराच्या संधी' या सदराखाली नोंदवून घेतली आणि ताईचा फोन नंबर मागितला.

अडचण एकच होती, लोक फोन उचलत नव्हते. दोन महिने कोरडे गेले. सलग तिसरा हप्ता चुकला की दुकानाला कुलूप, असा करार होता. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस बँकेचे वसुलीसाहेब कुलूप घेऊनच आले आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले.

"सहापर्यंत हप्ता. नाहीतर कुलूप. मी जास्त बोलत नाही."

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने नुसतं धाकटीकडे पाहिलं.

"का हो काका, का नाही बोलत?" धाकटीने विचारलं.

"ऐकतंय कोण? घरी तोंड उघडलं की बायको म्हणते, आला का हप्ता मागायला!"

धाकटीने मान तिरकी केली आणि डोळे किंचित बारीक केले. याला सक्रिय श्रवण म्हणतात. (तिसरं सत्र. प्रात्यक्षिकाची फी वेगळी.) साहेब पाऊण तास बोलले. मुलगा फक्त पैसे हवे असले की फोन करतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आईने टाचण्या काढून त्यांना पाणी दिलं. सहाला पाच कमी असताना साहेबांनी संवादशास्त्राच्या प्रवेश अर्जावर सही केली, स्वतःच्याच बँकेतून कर्ज मंजूर करून घेतलं, तारण म्हणून स्कूटर लिहून दिली आणि आणलेलं कुलूप तिला बसेल का, हे जाता जाता बघून ठेवलं.

हप्ता भरला गेला. पण पुढचा महिना कुणासाठी थांबत नाही.

"मला काय करायचंय बोलायला शिकून?" आई म्हणाली. "माझ्या तोंडात दिवसभर टाचण्या."

"अगं म्हणूनच तर!"

आईने प्रवेश घेतला. धाकटीच्या कर्जाला आई जामीन, आईच्या कर्जाला धाकटी जामीन. ही रचना दोन्ही बाजूंनी भक्कम असल्याचा शेरा बँकेने मारला. (शेरा वसुलीसाहेबांचा होता. भाषा सुधारली होती.)

त्याच्या पुढच्या महिन्यात ताई तणतणत विभागात गेली. हे गणित कुठेच पोचत नाही, असं तिला सर्वांसमोर सांगायचं होतं. परंतु विभाग फक्त प्रवेशित विद्यार्थ्यांच्या हरकती ऐकतो. ताईने प्रवेश घेतला, हरकत मांडली, तिला दहापैकी नऊ गुण पडले.

आता चालू महिना. घरातली माणसं संपली आहेत, हप्त्याची मुदत उद्या संपते आणि फोन अजूनही कुणी उचलत नाही. म्हणून धाकटीने प्रवेश परीक्षाच लेखी केली आहे. परीक्षेत प्रश्न नाहीत, फक्त एक उतारा आहे. करमणुकीचं काहीतरी आहे असं समजून, मध्येच न सोडता, दुसऱ्याच्या कर्जावर हसत हसत जो तो शेवटपर्यंत वाचेल, तो उमेदवार पात्र.

उतारा इथे संपला. अभिनंदन. येताना जामीनदाराला सोबत आणावं.