मुनीरभाईंचा पाहुणा

आमच्या शेजारच्या मुनीरभाईंच्या ओट्यावर एका सकाळी, कोवळ्या उन्हात, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन एक पाहुणा पडला होता. मी आपलं रीत म्हणून विचारलं, "काय पावणं, कुठनं आलात?" उत्तर नाही. "चहा घेणार का?" तरी नाही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "शेजारी कोणीतरी फार शिष्ट माणूस उतरलाय." ती खिडकीतून बघून आली.

"अहो, त्याला पाय नाहीत."

हातही नव्हते. तो रबरी पुतळा होता. त्या दिवसापासून जुन्नरच्या आमच्या गल्लीत त्याचं नाव 'पावणं' पडलं.

मुनीरभाई एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. एकदा त्यांच्या गाडीत एक प्रवासी छातीला हात लावून कलंडला आणि भरल्या गाडीत कोणालाच काही करता आलं नाही. ते त्यांच्या मनातून गेलं नाही. निवृत्त झाल्यावर पुण्याला जाऊन शिकून आले, हा पुतळा मिळवला आणि त्याला स्कूटरला बांधून बाजारोबाजार फिरू लागले. माणूस कोसळला, श्वास थांबला, तर अँब्युलन्स येईपर्यंत छाती कशी दाबत राहायची, तोंडाने श्वास कसा द्यायचा, ते कांद्याच्या गोण्यांमध्ये बसून शिकवायचे. दाब नीट बसला की पावण्याच्या पोटातून 'टक' असा आवाज येई.

"दाबा राव, लई नाजूक हात नको. बरगडी मोडली तर जुळती."

बोरी बुद्रुकच्या एका शेतकऱ्याने दाबण्याआधी कांदा फोडून पावण्याच्या नाकाला लावला. मुनीरभाई शांतपणे म्हणाले, "भाऊ, ह्याचा श्वासच बंद हाय. वास घेनार कशानं?"

"मग चप्पल लावू का?"

मग कोरोना आला. बाजार बंद झाले. ज्या तोंडात पंचक्रोशीने फुंकर घातली होती, त्या तोंडाकडे कोणी बघेना. मुनीरभाईंनी पावण्याला साबणाने आंघोळ घातली, मास्क लावला आणि मोबाइलवर वर्ग सुरू केला. लांब डोंगरातल्या आहुपे गावची पोरं रेंज शोधत उंचावर जाऊन बसत. पडद्यावर नुसतं धुकं दिसे, आणि त्या धुक्यात कोणीतरी उशी दाबत असे. मग धुकंही जागच्या जागी थिजून जाई.

त्या दिवसांत दुपारी सगळं गाव निपचित पडलेलं असे. भिंतीपलीकडून तेवढा आवाज येई, टक, टक, टक. हाताची सवय सुटू नये म्हणून मुनीरभाई एकटेच दाबत असत. मी अर्धवट झोपेत ऐकत पडे. वाटे, आख्ख्या गावाच्या वतीने हे एवढं एकच काळीज चालू आहे. मग मी कुशीवर वळे.

पुढे बाजार उघडले, लग्नं दणक्यात सुरू झाली, पण पावण्याचा वर्ग काही जमेना. लोक लांबूनच हात जोडत. "तोंड लावू नका, नुसतं दाबा," मुनीरभाई विनवत. "पुढच्या बाजारी बघू, भाई," म्हणून लोक मेथीकडे वळत. मी तर पहिल्यापासून माझ्या कंबरेचं नाव सांगून सुटत आलेलो.

गेल्या थंडीत एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. घरात चटई अंथरलेली, तिच्यावर पावणं.

"बसा."

"मुनीरभाई, माझी कंबर..."

"पेठच्या बाजारात शिकली लोकं," ते हळूच म्हणाले. "बोरीला शिकली. आहुप्याची पोरंबी शिकली. पण भाऊ, मी पडलो तर आहुप्यावरनं कोन येनार? भिंतीला भिंत तुमची हाय."

भाभी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी दुबईला. हे सगळं मला ठाऊक होतं, पण असं शेजारी शेजारी ठेवून मी कधी पाहिलं नव्हतं. गुडघे टेकले आणि दाबू लागलो. आवाज येईना.

"अजून. मी काय नाजूक न्हाई."

शेवटी टक झालं. मग पुन्हा. मुनीरभाई भिंतीला टेकले, डोळे मिटले आणि ऐकत राहिले. कौलातून उतरलेला उन्हाचा कवडसा चटईवरून सरकत भिंतीवर गेला, तरी त्यांनी पुरे म्हटलं नाही.

भरून आलेले दंड चोळत मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. हातातला गड्डा तिने सोलून संपवला.

मग म्हणाली, "उद्या मलाही शिकवा. दुपारी तुम्ही एकदा झोपलात की ढोल वाजवला तरी उठत नाही. आणि मुनीरभाईंना म्हणावं, यापुढे दाराला आतून कडी घालू नका."