वरून एकदा, खालून एकदा

दहावीचा निकाल लागला की पास झालेल्यांच्या घरी पेढे खायला जाणारे पुष्कळ असतात. आमचे ढाकणे सर त्या दिवशी नापासांची घरं विचारत फिरतात, आणि एखादं नापास पोरगं सापडलं की त्यांचा चेहरा खुलतो.

"कशात गेला रे?"

"गणितात."

"बाकी सगळ्यात पास? लई छान. लई छान झालं."

ज्या घरात सकाळपासून कुणी कुणाशी बोललेलं नाही, तिथं जाऊन असं म्हटल्यावर लोक काय पाणी विचारणार? एका आजीनं त्यांच्या अंगावर ताकाचा तांब्या रिकामा केला होता. सरांनी चष्मा पुसला आणि नातवाला विचारलं, "खांबाच्या सावलीचं गणित सोडवलं होतंस का?" तेलगावात काही लोक त्यांना पांढऱ्या पायाचे म्हणतात. निकालाच्या दिवशी त्यांची मोटरसायकल गल्लीत शिरली की बायका पोरांना आत बोलावतात.

मी त्यांच्याच हायस्कूलात मराठी शिकवतो. सर गणिताचे. राहायला परळीत. परळीत गाडी रात्रभर बाहेर राहिली की सीटवर थर्मल वीजकेंद्राच्या राखेचा थर बसतो. बाकीचे लोक तो फडक्यानं झटकतात, सर आधी त्यावर बोटानं दोन बेरजा करतात आणि मग बसतात. शाळेत येतात तेव्हा पँटच्या मागच्या बाजूला निम्मी बेरीज असते.

बेरीज हा त्यांचा श्वास. आणि कुठलीही बेरीज दोनदा. "वरून एकदा, खालून एकदा." वरून खाली येताना जी चूक होते ती खालून वर जाताना होत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीतली पानं एका टोकाकडून मोजली, मग दुसऱ्या टोकाकडून, आणि आचाऱ्याला सांगितलं की एक माणूस वाढतोय, बघा. तो एक माणूस म्हणजे ते स्वतः होते. पहिल्या वेळी स्वतःला मोजायचे राहिले होते. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, मी एकदा विचारलं, घरातही असंच का? त्या म्हणाल्या, "भाकरी टोपल्यात टाकल्या की हे वरून मोजतात. मग टोपलं पालथं घालतात."

तर असा हा माणूस. बोर्डाचे पेपर तपासण्यात त्यांचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नव्हता. आणि नेमकी याच माणसाच्या हातून बेरीज चुकली.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उत्तरपत्रिका गठ्ठ्यांनी येतात. पोराचा बैठक क्रमांक स्टिकरखाली झाकलेला असतो, वर नुसता बारकोड. पोर कुठल्या गावचं, कुठल्या जिल्ह्याचं, परीक्षकाला कळत नाही आणि कळू नये अशीच ती सोय आहे. आतल्या पानांवर गुण द्यायचे, ते पहिल्या पानावरच्या तक्त्यात उतरवायचे, बेरीज करायची. गठ्ठा मग नियामकाकडे जातो. नियामक त्यातल्या काही पत्रिका पुन्हा बघतो, सगळ्या नाही.

त्या वर्षी आम्ही शाळेच्या एकाच खोलीत तपासत बसलो होतो. दुपारची वेळ, वीज गेलेली. एकाएकी ढाकणे सर हसायला लागले. परीक्षक पेपर तपासताना हसतो तो बहुतेक वेळा पोराच्या गाढवपणाला. हे हसणं तसलं नव्हतं.

"इकडं या सर. हे बघा."

खांबाची उंची काढायची होती. सूत्र ठरलेलं, उत्तरसूचीत छापलेलं. या पोराला ते आठवलं नसावं. त्यानं खांबाशेजारी एक माणूस काढला होता, काड्यांचा, माणसाला सावली काढली होती, खांबाला सावली काढली होती, आणि माणसावरून खांब मोजला होता. उत्तर बरोबर. बाकी सगळा पेपर बेताचाच, निम्मी पानं कोरी, आणि सगळ्यात शेवटच्या पानावर हा माणूस उभा.

"याला कुणी शिकवलं न्हाई, सर," ढाकणे सर म्हणाले. "यानं उन्हात उभं राहून बघितलंय." त्यांनी पूर्ण चार गुण दिले. तसे गुण देता येतात, रीत वेगळी असली तरी. मग ते पान त्यांनी खोलीतल्या प्रत्येकाला दाखवलं, जागेवर आले आणि पुढची पत्रिका उघडली.

ते चार गुण पहिल्या पानावर उतरवायचे राहून गेले. कोरी पानं बघून त्या पत्रिकेची बेरीज त्यांनी आधीच करून ठेवली होती, वरून. खालून करायची राहिली.

हे त्यांच्या लक्षात आलं ते गठ्ठा बीडला नियामकाकडे जमा करून परत येताना, वडवणीच्या स्टँडवर. एसटीत बसल्या बसल्या ते बेरजा आठवत होते. दुसरा माणूस गाणी आठवेल. त्या पत्रिकेची एकूण बेरीज आठवली, आतले गुण आठवले, आणि दोन्ही जुळेनात. तेवढ्या गुणांत पोर नापास होणार हे उघड होतं, आणि चार मिळाले तर वर येण्यासारखं होतं. सर तिथंच उतरले आणि उलट्या गाडीनं बीडला गेले. गठ्ठा पुढं गेला होता. दुसऱ्या दिवशी बोर्डाच्या विभागीय कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाशी झालेलं बोलणं त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथं हजर होतो असंच मला वाटतं.

"कोणाचा पेपर म्हणालात?"

"म्हाईत न्हाई."

"बारकोड?"

"पाठ न्हाई केला."

"मग लाखभर पेपरांतून मी कसा काढू, गुरुजी? उमेदवारानं गुणपडताळणीचा अर्ज करायचा. बेरीज चुकली असेल तर निघेल."

"पण बेरीज चुकलीय हे मला म्हाईत हाय. त्याला न्हाई."

"तर मग त्याला कळवा ना," कारकून म्हणाला. सरळ माणूस होता तो, चिडवत नव्हता.

तेव्हापासून ढाकणे सर त्याला कळवायला फिरताहेत.

पहिल्या वर्षी आम्ही हसलो नाही. विभागाच्या पाच जिल्ह्यांतलं कुठलं तरी पोर, ते आमच्याच भागात असेल याला काही आधार नव्हता, पण माणूस पोळलेला होता, फिरू द्या म्हटलं. नांदूरघाटपर्यंत जाऊन आले. नापास पोर दिसलं की गणित घालायचं, खांब आणि सावली, आणि ते माणूस काढतंय का बघायचं. पोरं घाबरून सूत्र लिहायची. सर हिरमुसायचे. पडताळणीच्या अर्जाची मुदत संपली. दुसऱ्या वर्षी निकाल लागला आणि सर पुन्हा निघाले.

"आता कावून?" मी विचारलं. "ते पोर गेलं ना गेल्या वर्षीच."

"पुन्हा बसलं असंल. पुन्हा नापास झालं असंल." मग म्हणाले, "आन् सर, माझ्यासारखा दुसरा परीक्षक नसंल कशावरून?"

त्यानंतर किती निकाल लागले आणि सरांनी किती पोरांना अर्ज करायला लावले, काय सांगावं. एकदा एकाचे गुण खरंच वाढले, तरी तो नापासच राहिला. बाकी सगळ्यांचं 'गुणांत बदल नाही'. सर म्हणायचे, "चला, याचा परीक्षक नीट होता." यात त्यांना समाधान वाटायचं. पोराला काय वाटायचं ते पोरालाच ठाऊक.

गेल्या वर्षी शीतल नापास झाली. आमच्याच शाळेतली, गावाबाहेरच्या वस्तीवरची. फक्त गणितात. या वेळी सरांनी 'लई छान' म्हटलं नाही, कारण त्यांना तिच्या घरची गोष्ट माहीत होती. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकानं तोडायचं, एकीनं मोळ्या बांधायच्या. आईची कंबर गेलेली. वडिलांनी, भागवतरावांनी, पोरीला आधीच सांगितलेलं होतं: पास झालीस तर अकरावीला घालतो, नापास झालीस तर आईच्या जागी चल. टोळी नेणाऱ्या मुकादमाला नावं पावसाळ्यातच द्यावी लागतात.

आम्ही दोघं गेलो तेव्हा भागवतराव बाजेवर बसले होते. चांगला माणूस. उठून आम्हाला जागा दिली.

"म्या आडवा न्हाई आलो, सर," ते म्हणाले. "पास झाली आसती तर शब्द पाळला आसता."

तेव्हा ढाकणे सर जे बोलले त्यावर माझा विश्वास बसेना. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला फुकटचा अर्धा गुण दिला नाही, तो शांतपणे म्हणाला, "तिची बेरीज चुकलीय. बोर्डाकडनं आजून पक्कं यायचंय. मुकादमाला नाव देऊ नका."

शीतल दारात उभी होती.

त्या थापेवर पावसाळा निघाला. पडताळणीचं उत्तर आलं, बदल नाही. ते सरांनी दाबून ठेवलं आणि तिला पुरवणी परीक्षेला बसवलं. शाळा सुटल्यावर रोज शिकवायचे. परळीला पोचायला अंधार व्हायचा आणि वहिनी मला फोन करायच्या. पोरगी कष्टाळू होती, पण सकाळी शेतात, दुपारी आईचं, आणि गणिताला डोकं ताजं लागतं. जुलैत पेपर दिला. निकाल आला. पुन्हा तेच, थोडक्यासाठी.

सरांनी तिच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. ती आली त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी त्यांच्यासमोर बसलो होतो. त्यांनी बेरीज केली. वरून, खालून. पुन्हा वरून. एकेक प्रश्न बोटानं दाबत. इतक्या वर्षांत बेरीज चुकलेली असावी म्हणून बेरीज करताना मी त्यांना प्रथमच पाहिलं, आणि ते बघवेना. बेरीज बरोबर होती. उलट परीक्षकानं दोन ठिकाणी हात सैल सोडला होता.

"काय म्हणता?" मी विचारलं.

"नीट तपासलंय," ते म्हणाले. आणि छायाप्रत उलटी करून ठेवली.

भागवतरावांनी मुकादमाला दोन नावं दिली.

दसऱ्यानंतर टोळी निघाली त्या दिवशी आम्ही वस्तीवर गेलो. मला जायचं नव्हतं. आपण जाऊन करणार काय, असं मी म्हणालोही. सर म्हणाले, तुम्ही नका येऊ. मग मी गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, चुलीच्या सरपणाची मोळी, एक शेळी चढवून झाली होती. शीतल डबे बांधत होती. डोक्याला फडकं गुंडाळलेलं. एका पावसाळ्यात पोरगी बाई दिसायला लागली होती.

"मार्चचा फॉर्म भरू आपण," सर म्हणाले. "पेपरापुरती ये. मी बोलतो वडलांशी."

"यीन की," ती म्हणाली. येणार नाही असं म्हणायला नको म्हणून म्हणाली. मग डब्याची गाठ आवळत तिनं विचारलं, "सर, तुमचं ते पोरगं घावलं का?"

शाळेतल्या सगळ्या पोरांना ती गोष्ट ठाऊक होती.

"न्हाई."

"मुलगी आसंल ती."

"कावून म्हणतीस?"

"पोरगा आसता तर त्याच्या बापानं अर्ज केला आसता की. माझ्या पोराचे मार्क कुठं गेले म्हणून भांडला आसता. पोरगी नापास झाली तर कोन बेरीज बघतंय?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हिशेब सांगावा तसं सांगितलं. भागवतराव ट्रॉलीच्या पलीकडे दोर ओढत होते, त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, पण दोर ओढायचे थांबले. इतकी वर्षं सर शोधत होते, मी त्यांच्या मागं मागं फिरत होतो, आणि आम्हा दोघा शिकलेल्यांच्या डोक्यात एकदाही हे आलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

सर ट्रॉलीला टेकले. त्यांचे ओठ हलत होते, पण बेरीज करताना हलतात तसे नव्हे.

"तुमी नका फिरू आता सर, वय झालं," शीतल म्हणाली. "म्या बघते तिकडं. उसाच्या फडात लई पोरी येतात, पार जालन्याच्या, परभणीच्या. एकेकीला इचारते. कसं होतं म्हणालात ते गणित?"

ढाकणे सर खाली बसले. गुडघे दुखतात त्यांचे, हात धरून बसवावं लागतं, पण त्या दिवशी एकटेच बसले. सरपणातली एक काडी घेऊन त्यांनी मातीत खांब काढला. खांबाची सावली काढली. शेजारी माणूस काढला, काड्यांचा, त्याची सावली काढली. सावलीची रेघ वाकडी आली, ती पुसून पुन्हा काढली.

"असं," ते म्हणाले. "सूत्र न्हाई. नुसता माणूस उभा केला होता तिनं. तिला सांग, पूर्ण मार्क दिलेत मी. चूक माझी हाय, तिची न्हाई. एवढं सांग फक्त."

शीतलनं वाकून चित्र नीट बघून घेतलं. मान हलवली. ट्रॅक्टर सुरू झाला होता, भागवतराव हाक मारत होते. ती ट्रॉलीत चढली आणि आईच्या जागेवर जाऊन बसली.