नानांची पाठ

मोटारीचा ब्रेक नीट बांधला गेला की नाही, हे बघण्याच्या रीती जगात पुष्कळ असतील. आमच्या नानांची एकच होती. मोटार बोळाच्या चढावर न्यायची, इंजिन बंद करून ड्रायव्हरला ती उतारावर सोडायला सांगायची, आणि स्वतः खाली तिच्या वाटेत उभं राहायचं. तेही तिच्याकडे पाठ करून.

"जो ब्रेक बांधस तो पहिले आठे उभा ऱ्हास," ते म्हणत. "मंग बाकीना लोके गाडीमा बसतस."

धुळ्याहून साक्रीला आणि पुढे घाटापर्यंत उतारू नेणारी एक सर्व्हिस मोटार नानांच्या मालकीची होती. ते लढाईचे दिवस. विलायती ब्रेकपट्टे मिळेनासे झाले, तेव्हा नाना आगगाडीनं जळगावला जाऊन कापसाच्या जिनातल्या यंत्रांचे टाकून दिलेले पट्टे आणू लागले. पट्टा निवडताना ते आधी त्याचा वास घेत, मग कोपरा दाढेखाली धरून ओढत. जिनाचा मुकादम एकदा म्हणाला, "नाना, संगे कांदा देऊ का?"

दुरुस्ती घरच्या ओट्यावर चाले. चाकाच्या ड्रममध्ये दोन लोखंडी कमानी असतात. ब्रेक दाबला की त्या फाकून ड्रमला घासतात आणि चाक थांबतं. त्या कमानींवर नाना जिनाचा पट्टा तांब्याच्या रिव्हेटांनी ठोकत. ठोकायला हत्यार एकच मानवत असे, नानांच्या बायकोचा, म्हणजे अक्कांचा वरवंटा.

"आज ठेचामा तांबं लागी राहिनं," अक्का आतून ओरडत.

"मंग ब्रेक चांगला लागी!" नाना बाहेरून.

मी कोकणातला. मराठी पाचवीत शाळा सुटली आणि पोटामागे फिरत फिरत धुळ्याला येऊन पडलो. नानांनी काही न विचारता कळण्याची भाकरी पुढे ठेवली, मोटार हाकायला शिकवली, राहायला ओट्यालगतची खोली दिली. एवढं दिलं, तरी मला हवं ते दिलं नाही. नानांनी माझ्याकडे कधी पाठ केली नाही.

गाडी एक आणि ड्रायव्हर दोन, दगडू आणि मी. ब्रेक बांधला की दोघांनीही परीक्षा द्यायची, आधी दगडूनं, मग मी. उतारावर चुन्याची रेघ असे. तिच्याखाली चार पावलांवर नाना. रेघेवर चाक आलं की ब्रेक दाबायचा. दगडू साक्रीकडचा, भरदार छातीचा. बिडी ओठात, एक हात खिडकीबाहेर. त्याची गाडी नानांच्या पाठीपासून बरोबर एक वीत अंतरावर थांबे, आणि नाना मागे न बघता म्हणत, "शाबास रे वाघ!"

माझी पाळी आली की नाना वळायचे, तोंड माझ्याकडे करायचे, आणि डोळे वटारून थेट माझ्याकडे बघत उभे राहायचे. ते बघूनच माझा पाय रेघेच्या आधी ब्रेकवर पडे. गाडी दोन-दोन हात लांब थांबे.

"हायी ब्रेकनी परीक्षा नही, कोकण्या," नाना म्हणत. "हायी तुनी छातीनी शे."

दगडूला ओट्यावरून अंतर दिसत नसे, पण नानांचं बोलणं ऐकून तो खदखदा हसे. "कोकण्या, आते नानाले टपाल धाड, पोची जाई!"

त्याच्यावरून माझा जो काही जळफळाट होई, तो सांगण्यासारखा नाही. अक्का त्याला भाकरी वाढत तेव्हा ती माझ्या भाकरीहून मोठी आहे का, हे मी बघत असे. एकदा तर मनात आलं, त्याचा ब्रेक जरा घसरावा. नानांना काही होऊ नये, फक्त धोतराला वंगण लागावं, आणि दगडूला चारचौघांत शिव्या बसाव्यात. घरी आईला मी पत्रात खोटंच लिहिलं, "नाना आता माझ्याकडेसुद्धा पाठ करतात." तिनं शेजारच्या मास्तरांकडून उत्तर लिहवून घेतलं: "असे का करतात? तुझे काही चुकले असल्यास पाय धर."

एका रविवारी परीक्षेच्या वेळी नदीकडून गुरं वर येऊ लागली. नानांनी मला ती अडवायला बोळाच्या खालच्या तोंडाशी पाठवलं. गुरं थोपवून मी वळून बघितलं. वरून दगडू गाडी सोडत होता. नाना त्याच्याकडे पाठ करून, म्हणजे माझ्याकडे तोंड करून उभे होते.

त्यांचे डोळे गच्च मिटलेले. धोतराचा सोगा दोन्ही मुठींत आवळलेला. ओठ भराभर हलत होते, "माय एकवीरा, माय एकवीरा, माय एकवीरा..." गाडी थांबली तशी त्यांनी डोळे उघडले, मिशीवर हात फिरवला आणि गरजले, "शाबास रे वाघ!"

मग त्यांना मी दिसलो.

दगडू गाडी वर घेऊन गेला तेव्हा ते माझ्याजवळ आले. "देखं तू?"

"हो, नाना."

"माले भ्याव वाटस. पहिलेपासून वाटस." ते गुरांकडे बघत बोलत होते. "दगडूले तोंड दखाडं त तो बठ्ठा बजारमा सांगी. अक्काले दखाडं त ती गाडी इकाले लावी. ती त आते बी दारनी कडी लाईसन बसस."

"मग माझ्याकडे तोंड करता ते?"

"तू भित्रा, मी बी भित्रा. भित्रानी भित्राले तोंड दखाडाले कसानी लाज?"

दोन वर्षं मी ज्या पाठीचा हेवा करत होतो, ती नुसती मिटलेल्या डोळ्यांची मागची बाजू होती.

माझी पाळी आली. मी चढावर गाडीत बसलो. नाना खिडकीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "आज पाठ करू का तुनाकडे?"

"नको, नाना. तोंडच असू द्या."

ते खाली जाऊन उभे राहिले. मी गाडी सोडली. आता मला दिसलं, डोळे वटारलेले नव्हतेच. मिटू नयेत म्हणून ताणलेले होते. मिशी थरथरत होती. रेघ आली नव्हती तोच माझा पाय नेहमीसारखा ब्रेकवर पडला. गाडी पुरते दोन हात अलीकडे थांबली.

ओट्यावर दगडूनं हसायला तोंड उघडलं. पण त्याच्या जागेवरून गाडीचा मागचा भागच दिसे, पुढचं काही दिसत नसे.

नाना एक पाऊल पुढे सरकले, रेडिएटरला छाती भिडेल इतके. मग मान उंचावून साऱ्या बोळाला ऐकू जाईल असे ओरडले, "एक वीत! एकच वीत शे!"

आतून अक्कांनी दाराची कडी काढली.