पपईची स्वारी, अर्थात टुणकीचा कोठा मोकळा जाहला त्याची हकीकत

घरोघरी लेकरे आहेत, लेकरांस पोटे आहेत, आणि पोटांस आपापली मर्जी आहे. ती मर्जी फिरली असता भल्याभल्या शहाण्यांची कैसी त्रेधा उडते हे मागाहून येणारांस ठाऊक असावे, सबब जे जाहले ते जाहले तैसेच येथे लिहिले आहे. यात मीठमिरची लाविली नाही. कोणा थोराचा यात पाणउतारा जाहला असल्यास तो त्यांनी स्वहस्ते करून घेतला आहे, लिहिणाराकडे त्याचा दोष नाही.

तर मजकूर ऐसा जे, दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाल्कनी इतक्या मुलुखावर श्रीमंत टुणकाबाईसाहेब, वय वर्षे अडीच, यांचा अंमल निर्वेध चालत होता. चालण्याऐवजी टुणटुण उड्या मारीत हिंडती म्हणोन घरात त्यांस टुणकी म्हणत. अशा या बाईसाहेबांनी अकस्मात शी बंद केली. झाली नाही ऐसे नव्हे, बंद केली. कालपासून नव्हे, परवापासून नव्हे, तेरवापासून. कारण पुसाल तर, मागे एके दिवशी शी करिते समयी दुखले होते, आणि ज्या गोष्टीने एकवार दुखते ती गोष्ट पुनः करावी तरी का, हा बाईसाहेबांचा सवाल होता. मग कळ येऊ लागली की बाईसाहेब निजायच्या खोलीतील खिडकीच्या पडद्याआड जात आणि पायास पाय आवळून, मूठ वळून, लालबुंद होऊन उभ्या राहत, आणि मातोश्री जवळ गेल्यास म्हणत, "आई, नको येऊ. तू आलीस की शी येईल."

हे ऐकोन मातोश्री दोन पावले मागे सरत. लेकराचे पोट नगाऱ्यासारखे ताठ, खेळणे बंद, हसणे बंद, उड्या बंद. आणि टुणकी उडी मारीत नाही तर मग घरात उरले काय? सबब मातोश्री तिला काखेस मारून डॉक्टरीणबाईंचे दरबारी रुजू जाहल्या. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबोन पाहिले आणि हुकूम फर्माविला की, पिकली पपई द्यावी, पाणी भरपूर द्यावे, धाक घालू नये, धरून बसवू नये. इतके करूनही उद्या दिवेलागणीपर्यंत कोठा न सुटल्यास लेकरू घेऊन यावे, मागील दरवाजाने औषध घालावे लागेल. हे शेवटले कलम मातोश्रींनी दोनदा वदवून घेतले. जे लेकरू आधीच त्या दरवाजापाशी दुखते म्हणोन पहारा देत उभे, त्याच दरवाजाने परक्याने चाल करून जावे, मग ही पोर पॉटीकडे पुन्हा फिरकेल काय? मातोश्रींनी मनाशी खूणगाठ बांधिली की, काही जाहले तरी ती वेळ येऊ द्यायची नाही.

मग परतताना कोपऱ्यावरील फळवालीपासून एक पपई, बुडाशी पिवळी, देठाशी हिरवी, दाबोन, हुंगून, उलटीपालटी करून घेतली, आणि कडेवर बाईसाहेब, बगलेत पपई आणि दातात किल्ली ऐशी स्वारी जिना चढोन आली. दार उघडण्यास राजश्री बाबा येऊ शकले नाहीत, कारण ते घरीच होते; घरून काम करणारा मनुष्य घरी नसतो, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

पपई ओट्यावर विराजमान जाहली आणि तत्काळ मसलत भरली. राजश्री बाबा मीटिंग संपवून, कानातील यंत्र गळ्यात टाकून, मोबाईल हाती घेऊन आले. राजश्रींच्या मोबाईलातील विद्याभ्यासाची ख्याती अशी की, घरात जे जे दुखे त्या त्या विषयी त्यांस पाच मिनिटांत सर्व कळत असे, फक्त दुखणे तेवढे कळत नसे. ते टुणकाबाईंसमोर मांडी घालोन बसले आणि पपईची थोरवी वाचो लागले.

"टुणके, हे बघ, ह्यात तंतू असतात."

"तंतू नको."

"अगं, तंतूंनी पोट साफ होतं. आणि ए जीवनसत्त्व असतं, त्यानं डोळे छान होतात."

"माझे छान आहेत."

तथापि राजश्री मागे हटले नाहीत, आणि सी जीवनसत्त्वाने रोगप्रतिकारशक्ती वाढते, त्वचा तजेलदार होते, हृदयविकार दूर राहतो आणि म्हातारपण लांबते, येथवर वाचून दाखविते जाहले. अडीच वर्षांच्या गालास आणखी तजेला कोठे चिकटवावा, आणि जिला अद्याप डाव्या पायात डावा बूट घालता येत नाही तिने म्हातारपण किती लांबवावे, याचा खुलासा मोबाईलात नव्हता. हे वाचन चालू असता राजश्रींचा डावा हात बिस्किटांच्या पुड्यात होता.

आजीसाहेब, म्हणजे राजश्रींच्या मातोश्री, कोपऱ्यात खुर्चीवर बसोन हे पाहात होत्या. त्यांनी पुसले, "एवढी गुणाची आहे तर तू खा की एक फोड."

"मी नंतर खातो गं. आत्ता कॉल आहे."

मग पहिला हल्ला मातोश्रींनी केला. पपई चिरली, काळ्या बियांचे लेंढार काढिले, केशरी फोडी बशीत मांडल्या, त्यांस काड्या टोचून पताका केल्या आणि विमान करून एक फोड ओठांशी नेली. बाईसाहेबांनी विमान हवेतच पाडिले. ते भिंतीवर जाऊन चिकटले आणि हळूहळू खाली सरकत दिव्याच्या बटणापाशी थांबले. दुसरी फोड बाईसाहेबांनी हाती घेतली, तेव्हा सर्वांस आशा वाटली; ती त्यांनी बाहुलीच्या तोंडावर चोळिली.

राजश्रींनी म्हटले की, जबरदस्तीने काम होत नाही, येथे अक्कल पाहिजे. आणि त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेऊन, मिक्सरात पपई आणि दूध घालोन, साखर लावोन, असे फिकट केशरी पेय सिद्ध केले की पाहणाराने पाहात राहावे. ओटा, मिक्सर, चार वाट्या आणि जमिनीचा काही भाग यांचा बंदोबस्त मागाहून मातोश्रींनी करावा असे ठरले. इतक्यात राजश्रींस कॉल आला, तो बराच लांबला, आणि पेय तैसेच पेल्यात राहिले. मग कॉल आटोपून राजश्रींनी तो पेला टाळ्यांच्या गजरात बाईसाहेबांचे मुखी लाविला. बाईसाहेबांनी एक घोट घेतला. मग तो घोट राजश्रींच्या शर्टावर परत केला.

"कडू!"

"कडू कसं असेल? साखर घातलीय मी. नाटकं नको, टुणके."

आजीसाहेबांनी चाखून पाहिले आणि निवाडा दिला की कडूजहर आहे. पपईत दूध घालून तैसेच ठेवून दिले असता कडू होते, ही गोष्ट त्याच मोबाईलात त्याच लेखात दोन बोटे खाली लिहिली होती. परंतु राजश्री तितके खाली गेले नव्हते. मग ते शर्ट बदलण्याच्या निमित्ताने आत गेले आणि बराच काळ बदलीतच राहिले.

आता टुणकाबाईंस पपई या शब्दाचाच वीट आला. बशी पाहिली तरी तोंड फिरवीत, पोटावर हात ठेवीत, आणि मधूनच पडद्याकडे धाव घेत. बाहेर उन्हे उतरू लागली होती. मातोश्री बशी घेऊन तिच्यामागे खोलीतून खोलीत फिरत, गोडीगुलाबीने बोलत, आणि डॉक्टरीणबाईंचे शेवटले कलम मनात घोळवीत, अगदी रडकुंडीस आल्या. ते पाहोन आजीसाहेबांस राहवेना. त्या भर हॉलात बोलत्या जाहल्या,

"लेकराच्या मागे लागलीस, पण तू तरी कुठे खातेस गं? ह्या घरात आल्यापासून पपईची एक फोड तोंडात टाकलेली बघितली नाही मी तुला. वास आला तरी नाक धरतेस."

गोष्ट खरी होती. पपईच्या वासाने त्यांचे पोटात ढवळे. बाजारात निवडून घेत, घरी चिरून देत, परंतु खाण्याची पाळी आली की काही ना काही काम काढून उठत. हे गुपित आजवर गनिमास ठाऊक नव्हते. आता ठाऊक जाहले. टुणकाबाई पडद्यातून बाहेर आल्या, बशीकडे पाहिले, मातोश्रींकडे पाहिले, आणि पुसले,

"आई, तू पपई खात नाहीस?"

"खाते की... म्हणजे, मोठ्या माणसांना तितकी लागत नाही, बाळा."

"बाबा म्हणाला तंतू असतात."

"हो, असतात."

"आधी आई."

हा हुकूम होता, आणि त्यावर अपील चालत नव्हते. मग तह ठरला तो ऐसा जे, मातोश्रींनी एक फोड खावी, तदनंतर बाईसाहेबांनी एक खावी. मातोश्रींनी नाक धरू नये, पाण्यासवे गिळू नये, आणि तोंड उघडून आत काही उरले नाही हे दाखवावे. या शर्तीत कसूर जाहल्यास तह रद्द. आजीसाहेब साक्षीस बसल्या. राजश्री नव्या शर्टात दारापाशी येऊन उभे राहिले, कारण बायको पपई खाते हे पाहण्यासारखे होते.

मातोश्रींनी फोड उचलिली. वास नाकात शिरला, डोळे पाण्याने डबडबले. आणि एक वेळ ऐसे वाटले की मोर्चा मोडतो. तितक्यात टुणकाबाई सोफ्यावर चढल्या, आणि आपला चिकट हात मातोश्रींच्या हनुवटीखाली धरून, हुबेहूब मातोश्रींच्याच आवाजात समजूत घालू लागल्या,

"आ कर. मोठ्ठा आ. काही होत नाही. एकच घास, माझी शहाणी बाळ ना ती?"

मातोश्रींनी आ केला. फोड आत गेली. चावली. गिळली. तोंड उघडून दाखविले. बाईसाहेबांनी आत वाकून, जीभ उचलावयास लावून, बारकाईने तपासणी केली आणि टाळी पिटली. मातोश्रींचे ते वेडेवाकडे तोंड पाहोन त्यांस हसू फुटले. किती काळाने म्हणाल तर तेरवापासून पहिलेच. मग बोलल्याप्रमाणे एक फोड त्यांनी आपल्या तोंडात घातली, चावली आणि म्हणाल्या, "हां, गोड आहे. आता तू." मग एक मातोश्रींस आणि एक आपणांस, एक मातोश्रींस आणि एक आपणांस, ऐसे करिता करिता बशी रिती जाहली, आणि वर दोन वेळ पाणीही गेले. शेवटल्या फोडीस मातोश्रींनी मान हलविली तेव्हा बाईसाहेबांनी त्यांचे केसांवरून हात फिरविला आणि बजाविले, "खा. डोळे छान होतात."

राजश्रींनी हळूच म्हटले, "बघितलंस? ऐकत असते ती माझं." मातोश्रींनी त्यांजकडे ऐसे पाहिले की ते कॉल नसताही कॉल घेण्यास निघोन गेले.

दुसरे दिवशी नाश्त्याचे वेळी टुणकाबाईंच्या पोटात गुडगुड जाहली. घास हातात तैसाच राहिला, चेहरा उतरला, आणि त्या पडद्याकडे धावल्या. आता खरी वेळ आली हे मातोश्रींनी ओळखले. मागे अशा वेळी बाईसाहेबांस उचलून न्हाणीघरात नेण्याची चाल होती आणि दर वेळी रडारड होऊन शी आतल्या आत परत जात असे. या वेळी मातोश्रींनी तैसे केले नाही. त्यांनी पिवळी पॉटी उचलिली आणि गुपचूप पडद्याआडच नेऊन ठेविली. घरातील कोणी त्यांस हे सुचविले नव्हते, मोबाईलानेही नाही.

बाईसाहेबांनी पॉटीकडे पाहिले. "दुखेल."

"या वेळी नाही दुखणार, राणी. पपई खाल्लीस ना तू? मऊ झालीय आता."

"नक्की?"

मातोश्रींस नक्की ठाऊक नव्हते. त्यांनी म्हटले, "मी आहे ना इथे." आणि लेकराचा हात धरिला. परंतु बाईसाहेबांनी हात सोडविला, चड्डी खाली केली, बसल्या, आणि हुकूम सोडिला,

"तू जा. बाहेर. दार लाव."

जी पोर न्हाताना, निजताना, जेविताना मातोश्रींचा पदर म्हणोन सोडीत नसे, तिचा हा हुकूम ऐकोन मातोश्री क्षणभर उभ्याच राहिल्या. मग त्या बाहेर आल्या, दार ओढोन घेतले आणि चपलांच्या कपाटाला टेकून जमिनीवर बसल्या. आजीसाहेब चहाचा कप घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. हॉलात राजश्रींची मीटिंग चालू होती. इतक्यात आतून कण्हणे आले. मातोश्री उठो लागल्या, तो आजीसाहेबांनी मनगट धरोन खाली बसविले. मग आतून बारीक आवाज ऐकू आला. टुणकाबाई कोणाशी बोलत होत्या. आत दुसरे कोणी नव्हते.

"घाबरू नको हं. काही होत नाही. येतेय, येतेय... माझी शहाणी बाळ ना ती? थोडीशी राहिली. मी आहे ना इथे."

मातोश्रींनी दाराच्या फळीवर हात टेकिला आणि तैसाच ठेविला.

मग टप्प. मग ऐसी आरोळी उठली की बाल्कनीतील कबुतरे उडाली: "झालीऽऽऽ! दुखलं नाही! आई, आजी, बाबा, बघायला या!"

राजश्री खुर्चीवरून उठून दोन्ही हात वर करून "झाली!" म्हणोन ओरडले. त्यांचा माईक चालू होता. लॅपटॉपावरील चौकटींतून साहेबलोकांनी काय जाहले म्हणोन पुसले, त्यांस प्रेझेंटेशन जाहले असे कळविण्यात आले. मग सर्व मंडळी पडद्याआड दाटीने वाकली, पाहणी केली आणि कामगिरी थोर असल्याचे एकमुखाने मान्य केले. टुणकाबाईंनी दोन पायांवर एक उडी मारिली, मग दुसरी, मग मोजदाद राहिली नाही.

येणेप्रमाणे दिवेलागणीच्या पुष्कळ आधी, न्याहारी आटोपते समयी, परक्या फौजेच्या मदतीवाचोन आणि मागील दरवाजाची मोहीम न होता, कोठा फत्ते जाहला. डॉक्टरीणबाईंस तैसे कळविले. या विजयाचे मानकरी कोण, याविषयी दरबारात वाद पडला. राजश्री म्हणाले की हा तंतूंचा प्रताप, मी आधीच वाचून दाखविले होते. आजीसाहेब म्हणाल्या की मी त्या वेळी तोंड उघडले नसते तर बशी तशीच पडली असती. मातोश्री पॉटी धूत होत्या. तेव्हा वाद श्रीमंतांपुढे गेला. श्रीमंतांनी उडी मारता मारता निवाडा दिला तो अक्षरशः येथे नोंदून ठेविला आहे, आणि त्यात फेरफार करण्याचा अधिकार कोणासही नाही:

"मी केली. एकटीने."