नव्या पावण्याची खुर्ची

जागच्या जागी उभ्या असलेल्या इमारतीत खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

एस्टीत हे आपण सगळेच करतो. गाडी फलाटाला लागते न लागते तोच रुमाल, टोपी, पिशवी, वेळ पडली तर पोरगंसुद्धा खिडकीतून आत जातं. पण हिंदुराव आप्पा हे राजारामपुरीतल्या पालिकेच्या वाचनालयात करायचे. सकाळी आमचे ग्रंथपाल कांबळे सर कुलूप उघडायला येण्याआधीच आप्पा मागच्या बाजूला जात आणि खिडकीच्या गजांमधून टॉवेल आत भिरकावत. तो बरोबर खिडकीखालच्या खुर्चीवर पडे. मग सर दार उघडत, आणि आप्पा सगळ्यांच्या आधी दारातूनच आत शिरत.

"आप्पा, पहिले तर तुम्हीच असता. मग टॉवेल कशाला?" सरांनी एकदा विचारलं.

"सर, गावल्याली शीट येगळी आणि धरल्याली शीट येगळी."

सरांनी किल्ली खिशात टाकली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

आप्पांची सगळी हयात चंदगडच्या गाडीवर कंडक्टर म्हणून गेलेली. निवृत्त झाले तरी गाडी काही अंगातून उतरली नव्हती. वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, मधोमध टेबलं, दोन्हीकडं खुर्च्या. आप्पांच्या लेखी ती गाडीच. पेपर आला की पानं सुटी करून वाटायची. "अग्रलेख कुणाला? खेळाचं पान झालं आसंल तर मागनं द्या! ओ बाजारभाव, झोपलासा काय? तुमचा थांबा गेला की!" कुणी कुजबुजलं की तिकिटांना भोक पाडायचा जुना चिमटा खिशातून निघायचा आणि टेबलावर वाजायचा, टक् टक्. पाठोपाठ आप्पांचा आवाज, "शांतताऽ!" वाचनालयातला सगळ्यात मोठा आवाज तोच असायचा. संध्याकाळी बंद व्हायची वेळ झाली की, "चला, डबल बेल!"

स्वतः मात्र कधी बसायचे नाहीत. कपाटाला टेकून, एक पाय पुढे रोवून, आता गाडी खड्ड्यात आदळणार अशा बेताने तोल सांभाळत उभ्याने वाचायचे. बसा म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "कंडाक्टर बसला की गाडीचा इस्कोट होतोय."

माझी त्यांची ओळख त्या खुर्चीमुळेच झाली. मी मुरगूडची. लग्न होऊन राजारामपुरीत आले आणि अर्धवट राहिलेलं बी.ए. बाहेरून पुरं करायचं ठरवलं. सासरी कुणाची ना नव्हती, फक्त जागा नव्हती. दोन खोल्या, त्यात सासूबाईंचा टीव्ही आणि दिरांचे मित्र. पुस्तक उघडून बसले की कुणीतरी मायेने मेथीची जुडी समोर आणून ठेवायचं, नुसतीच बसलीय म्हणून. शेवटी एक दिवस धीर करून वाचनालयात गेले, आणि दारातच पाय अडकले. आत सगळे पुरुष. सगळ्या माना एकदम वर झाल्या. मी वळलेच होते, तेवढ्यात टक् टक्.

"ओ ताई! माघारी कुटं? शीट हाय की!"

आप्पांनी टॉवेल उचलला, त्यानेच खुर्ची झटकली आणि मी काही बोलायच्या आत मला बसवलंसुद्धा. संध्याकाळी मात्र बजावलं, "उद्यापास्नं आपली जागा आपुन बघायची. ही नव्या पावण्याची हाय." दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाक आवरून धावतपळत जायला लागले. चाकू, मेथी, टीव्ही, काही नाही. इतकं सुख मला माहेरीही मिळालं नव्हतं, आणि हे मी माझ्या आईलाही सांगितलं होतं.

मग एका उन्हाळ्यात बातमी आली की पालिका वाचनालयाचं अनुदान बंद करायच्या विचारात आहे. रस्त्यावरची मोक्याची जागा, शेजारी दुकानांची रांग. गाळा म्हणून चांगल्या भाड्याने उठली असती. ठरवण्याआधी पालिकेचे सभापती स्वतः पाहणीला येणार होते. माझी परीक्षा तोंडावर आलेली. वाचनालय गेलं तर माझं बी.ए. मेथीतच जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

कांबळे सरांनी सगळ्यांना निरोप धाडले. पाहणीच्या दिवशी खोली गच्च भरली. रिकामी होती ती फक्त खिडकीखालची खुर्ची, टॉवेल पांघरून बसलेली.

सभापतींबरोबर आलेल्या पालिकेच्या साहेबांना भरलेल्या खोलीत नेमकी तेवढीच दिसली. "बघा, मी म्हटलं नव्हतं? खुर्च्या रिकाम्या पडतात. टीव्ही आल्यापासून वाचनालयात येतं कोण?"

सरांनी मला डोळ्याने खुणावलं, तिथं जाऊन बसा. मी अर्धी उठले. टक् टक्.

"ताई, बसू नगा."

मला आप्पांचा असा संताप आला! इथं वाचनालय बुडायची वेळ, आणि ह्यांची आपली शीट.

सभापती तालमीतले धिप्पाड गृहस्थ. त्यांनी विचारलं, "का बसायचं न्हाय?"

"धरलीया."

"कुणासाठी?"

"त्ये अजून आल्यालं न्हाय."

साहेब हसले. आप्पा हसले नाहीत. "सायेब, गाडी खच्चून भरली की कंडाक्टर फुडच्या थांब्यावर थांबवत न्हाय. थांब्यावरचं माणूस हात करून करून तितंच ऱ्हातंय. म्या आयुष्यभर तसली माणसं मागं टाकून आलोय. म्हणून हितं एक शीट मोकळी ठिवतो."

"पर येतंय का कोण?" सभापतींनी विचारलं.

आप्पा खुर्चीवरचा टॉवेल सारखा करायला लागले. माझा संताप कुठल्या कुठे गेला. मी उभी राहिले. "मी आले. पहिल्या दिवशी ह्याच खुर्चीवर बसले."

"मी बी," कोपऱ्यातला रिक्षावाला म्हणाला. "पॅसेंजर नसल्यावर कुटं बसायचं?"

समोरच्या दवाखान्यातले कंपाउंडर उठले, "मलाही इथंच बसवलं होतं." मग क्लासची पोरं, मग पेन्शनर मंडळी. मी बी, आम्ही पण, मला तर हात धरून बसवलं, असा एकच गलका झाला.

टक् टक्. "शांतताऽ!"

सभापती दचकून ताठ झाले. मग खोखो हसले. "आप्पा, मी बी हितं पहिल्यांदाच आलोय. बसू का?"

आप्पांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि टॉवेल उचलला. "बसा. पर आजच्या दिवस." हातात खेळाचं पान दिलं. "झालं की मागनं द्या." सभापतींनी कुस्तीची बातमी अक्षर न् अक्षर वाचली. साहेब तेवढा वेळ उभे होते.

अनुदान चालू राहिलं. माझं बी.ए.ही झालं, पुढे शाळेत नोकरी लागली. अजूनही कुणी म्हणतं, वाचनालयावर पालिकेने कशाला खर्च करायचा? त्यांना माझं एवढंच सांगणं असतं, की काय घेणार, किती वेळ बसणार आणि कुणाचे कोण, हे न विचारता माणसाला बसू देणारी गावात दुसरी जागा दाखवा. मग बोलू.

पण त्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली होती. 'मी बी' म्हणताना सगळे बोलले, आप्पा बोलले नव्हते. संध्याकाळी ते टॉवेल घडी करत होते तेव्हा मी विचारलं, "आप्पा, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा कुठं बसलात?"

"कुटं बसतोय? आमची मंडळी देवाघरी गेली तवा आलतो. घरात भिताडाकडं तरी किती बगायचं? दारात आलो तर समदी शीटं भरल्याली. कुणी वर बगितलं न्हाय. गेलो माघारी." घडी नीट बसली नाही, ती त्यांनी पुन्हा केली. "मग लई दिस स्टँडवर जाऊन बसायचो. तितं बाकडं गावतंय. पर ताई, तितली समदी कुटंतरी जाणारी. मला कुटं जायाचंच न्हवतं."

"मग इथं कसे आलात?"

"पावसात आडोशाला म्हणून शिरलो. त्यो उबाच ऱ्हायलो."

दुसऱ्या दिवशी मी आप्पांच्याही आधी गेले, मागच्या बाजूला जाऊन गजांमधून माझा रुमाल टाकला. माझा नेम कच्चा. रुमाल कसाबसा अर्धा शेजारच्या खुर्चीवर पडला, अर्धा लोंबकळत राहिला. मग आप्पा आले, त्यांनी टॉवेल टाकला, सरांनी दार उघडलं. आत शिरल्या शिरल्या आप्पा थबकले, खिशातून चिमटा निघाला.

"ही कुणी धरली? एका गाडीला एकच राखीव."

"मी धरली आप्पा. तुमच्यासाठी."

त्यांनी लोंबकळणारा रुमाल उचलून त्याची नीट घडी केली. मग चिमटा खिशात ठेवला आणि खुर्चीच्या अगदी कडेला, कुणी उठवेल की काय अशा बेताने बसले. कांबळे सरांनी अग्रलेखाचं पान मागून पुढे दिलं.

त्या दिवशी वाचनालयात आम्ही वाट्टेल तेवढ्या गप्पा मारल्या. टक् टक् एकदाही झालं नाही.