शुद्ध शाकाहारी ज्योत

भाईंदर पश्चिमेच्या नवसंकल्प सोसायटीत एवढी बिऱ्हाडं, पण गॅसचा सिलिंडर एकाकडेही नव्हता. नंबर सगळ्यांनी लावलेले, लागला कोणाचाच नव्हता. वासंतीनं लग्न झाल्याझाल्या नाव नोंदवलेलं. पोरगी पिंकी चौथीत गेली तरी ही आपली रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारतेय! एकदा असा भडका उडाला की पदर पेटता पेटता राहिला. त्या दिवशी तिनं ठरवलं, काहीही होवो, हा स्टोव्ह घराबाहेर काढायचा.

आणि नेमके अपारंपरिक ऊर्जावाले साहेब आले. "सोसायटीचा ओला कचरा टाकीत घाला. तो आत कुजला की गॅस होतो आणि नळीनं थेट तुमच्या शेगडीला येतो. उत्तनची मच्छी खाता ना? तिची डोकी, आतडी, सगळं टाका. उलट गॅस जास्त!"

टाकी बांधली, शेजारच्या मोरवा गावातल्या गोठ्यातलं शेण ओतलं, कचरा पडायला लागला, आणि काय सांगू, खरंच गॅस आला! निळीशार ज्योत! वासंती चहा टाकते न टाकते तोच खालचे ईश्वरभाई दारात.

"भाभी, ये ज्योत में मछली है क्या?"

"मछली नहीं हो ईश्वरभाई, गॅस है."

"वो ठीक. लेकिन गॅस में कौन है?"

झालं! सेक्रेटरी काशीनाथरावांनी विशेष सभा बोलावली. यांची उभी हयात सरकारी टेबलावर गेलेली. ठराव झाला : 'ज्याअर्थी गॅस कचऱ्यापासून होतो, त्याअर्थी कचऱ्याचा आहार हाच गॅसचा आहार मानण्यात यावा.' म्हणजे टाक्या दोन. एक शाकाहारी, एक मिश्र.

"गॅसला कसला आलाय आहार?" वासंती तणतणली. माणूस रत्नागिरीचं, बांगड्याशिवाय घास उतरत नाही. पण मग आला सोमवार. साबुदाणा भिजलेला, कढई चढलेली, आणि शेगडीच्या बटणावर हिचा हात अडला. ही तर बांगड्याची ज्योत! तशीच धावत गेली.

"काशीनाथराव, उपासाचं काय?"

"मुद्दा रास्त आहे," काशीनाथराव म्हणाले. तिसरी टाकी मंजूर! तिच्यात फक्त बटाट्याची, रताळ्याची सालं. मग वरच्या मजल्यावर कांदा-लसूण न खाणारे निघाले, त्यांची चौथी. एकांच्या घरी सुतक आलं, त्यांना तात्पुरती. कंपाउंडात टाक्याच टाक्या! वॉचमन धाकू पिशव्या उघडून कचऱ्याचा धर्म तपासतोय. उत्तनची मासेवाली शेवंती आली तर तिलाच अडवलं.

"मावशी, तुझी पाटी कुठल्या टाकीत मोडते?"

"माझी पाटी डोक्यावर हाय रे मेल्या, टाकीत न्हाय!"

आता कचरा तेवढाच आणि टाक्या ढीगभर. एकही धड भरेना, एकातही गॅस होईना. उपासाची टाकी तर स्वतःच कडकडीत उपास करत बसलेली! ज्योत आधी पिवळी झाली, मग फुरफुरली, मग गेली. वासंतीनं माळ्यावरचा स्टोव्ह खाली काढला. पिन मारली. भडकला मेला, मनगटाला चटका बसला.

साहेब पाहणीला आले ते डोकं धरूनच बसले. "अहो, सगळा कचरा एका टाकीत घाला. चार दिवसांत गॅस सुरू होईल."

काशीनाथरावांनी तिथंच सभा भरवली. वासंतीनं मनगटाचं फडकं घट्ट केलं. तिच्या अगदी ओठावर आलं होतं, घाला बाई एकदाचं. तेवढ्यात साहेबांचा तोल सुटला. "तुम्ही ज्या रॉकेलवर साबुदाणा शिजवता ना, ते कशाचं असतं माहितीये? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात मेलेल्या जिवांचं!"

सगळे वासंतीकडे बघायला लागले. सोमवारचा मुद्दा तिचाच होता ना!

वासंतीनं पदर सावरला. "ते वेगळं, साहेब. ते रेशनवर मिळतं."

"करेक्ट!" ईश्वरभाई म्हणाले. "सरकारने पास किया हुआ है."

'रॉकेलला आहार नसतो' हा ठराव काशीनाथरावांनी एकमतानं मंजूर केला. टाक्यांवर झाकणं बसली. संध्याकाळी शाकाहारी, मिश्र, उपासवाले, सुतकवाले, सगळे डबे घेऊन रॉकेलच्या एकाच लाइनीत उभे, एकमेकांना खेटून.

हसताय काय? तुमच्याकडे आता सिलिंडर आलाय म्हणे. तोही त्याच समुद्रातला, त्याच मेलेल्यांचा. मग यंदा श्रावणात काय, कच्चंच खाणार?