महाराज कारण देत नसतात

एका जंगलात, मुलांनो, पाणवठा एक होता आणि प्रवचनकार सत्तावीस. उन्हाळ्यात पाणी आटायचं. प्रवचनं आटत नसत.

त्या जंगलात द्वारका नावाची साळिंदरीण राहायची. पदरात दोन पिल्लं. वैशाखात ओढे सुकले, तशी ती पिल्लांना घेऊन पाणवठ्यावर गेली. तिथे दाजी कोल्हा प्रवचनाला बसला होता. त्याने तिला काठावरच अडवलं. साळिंदरांनी पाण्यावर येणं हे घोर पाप आहे, असं कूर्मानंद महाराज सांगून गेलेत म्हणाला, आणि दोन्ही कानांना हात लावले. मग सगळ्यांनीच लावले. महाराजांचं नाव निघालं की कानांना हात लावायचे आणि पुढे काही विचारायचं नाही, अशी तिथली रीत होती.

हे महाराज म्हणजे एक कासव. तीन वर्षांपूर्वी ते काठच्या चिखलात शिरले, ते पुन्हा दिसले नाहीत. लोकांनी वर दगड ठेवला, फुलं वाहिली, समाधी म्हणायला लागले. तेव्हापासून महाराज जेवढं बोलायला लागले, तेवढं हयातीत कधी बोलले नव्हते.

द्वारका तशी भाविक. पण पिल्लांच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या. तिने विचारलंच, का येऊ नये?

दाजीने डोळे मिटून स्मित केलं. "बाई, महाराज कारण देत नसतात."

द्वारकेच्या अंगावर काटा आला, म्हणजे होता तोच उभा राहिला. हे वचन आलं तरी कुठून, ते बघतेच, असं म्हणून ती निघाली.

दाजीने ऐकलं होतं मोराकडून. मोर म्हणाला, पापाचं मला ठाऊक नाही बुवा, ते दाजीने घातलं असेल. आपण फक्त 'आज' हा शब्द काढून टाकला. महाराज म्हणे "आज येऊ नका" म्हणाले होते. आता आजचं वचन उद्या शिळं होतं. ते गायचं कसं? मोराला हे वानराकडून कळलं होतं.

तात्या वानर झाडावर बसून कैऱ्या खात होता. तो जरा चुळबुळला. मग म्हणाला, त्या दिवशी बिबट्या पाण्याशी दबा धरून बसला होता. महाराजांनी साळिंदरांना निरोप पाठवला, की आज पाण्यावर येऊ नका, बिबट्या आहे. निरोप द्यायला तात्या निघाला, तर बिबट्या नेमका त्याच्याच झाडाखाली. त्याच्यासमोर त्याचं नाव कसं घेणार? तेवढं गाळलं.

म्हणजे बघा मुलांनो, म्हातारा साळिंदरांचा जीव वाचवत होता.

द्वारका रडतच परतली. धाकट्या पिल्लाने आता मान टाकली होती. समाधीजवळची माती ओलसर दिसली, म्हणून तिने तिथेच उकरायला घेतलं, थेंबभर तरी पाणी लागेल या आशेने. पाणी नाही लागलं. पाठ लागली.

"कोण गं ते?" खालून आवाज आला. "जरा डोळा लागला होता."

महाराज बाहेर आले. द्वारकेने सगळं सांगितलं, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तडक सभेत गेले आणि सगळी हकिकत सांगितली, बिबट्यासकट.

सभा चपापली. दाजी मात्र शांतपणे उठला. "महाराज कारण देत नसतात," तो म्हणाला. "हा देतोय. तेव्हा हा महाराज नव्हे."

सगळ्यांना पटलं. तात्या वानर दुसरीकडे बघत राहिला. महाराजांना पाण्याच्या रांगेत शेवटी उभं केलं आणि समाधी उकरली म्हणून दमही दिला.

द्वारकेने पिल्लाकडे पाहिलं. मग ती समाधीच्या दगडावर चढली, दोन्ही कानांना हात लावले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कूर्मानंद महाराज सांगून गेलेत, साळिंदरांच्या आधी पाण्याला कोणी तोंड लावू नये."

दाजीच्या जिभेवर 'का' आला होता. पण सभेचे हात केव्हाच कानांना गेले होते. त्यालाही लावावे लागले. वाट मोकळी झाली. पिल्लं पाण्याला भिडली. धाकट्याने आधी जीभ लावली, मग अख्खं तोंडच बुडवलं.

महाराज रांगेतून हळूच म्हणाले, "अगं, असं मी कधी म्हणालो?"

"तुम्ही गप्प बसा," द्वारका म्हणाली. "पोरं पाणी पितायत."

तात्पर्य : मुलांनो, थोरांच्या वचनाचा उगम जरूर शोधावा. सापडला की नीट बुजवावा आणि त्यावर चढून आपलं वचन सांगावं. का, ते विचारू नका.